दोरूच्या नावाने

१

सकाळी बापाचं तोंड पुसायचं, लापशी भरवायची, किल्ली शेजारच्या वेताबाईंकडे टाकायची आणि ट्राम पकडून औषधाच्या दुकानात उभं राहायचं. दुपारी धावतपळत घरी यायचं, बापाची कूस बदलायची, चादरी धुवायला टाकायच्या, सूप ढवळायचं. आणि हे सगळं उरकलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे बटाट्याची सालं बाजूला सारून लॅपटॉप उघडायचा, कानाला हेडफोन लावायचे आणि खेळात शिरायचं. इलिंकाचं हे असं चाललं होतं. तारेवरची कसरत म्हणतात ती हीच, फक्त टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

"सत्तावीस वर्षांची घोडी झालीस आणि खेळतेस काय गं?" वेताबाई विचारायच्या.

"अहो, अभ्यास आहे तो. विद्यापीठाचा."

"खेळाचा अभ्यास? आमच्या वेळी अभ्यास टाळून खेळायची पोरं. आता दोन्ही एकच झालं वाटतं!"

खोटं नव्हतं ते. इलिंकाचा पदवीनंतरचा प्रबंध होता ऑनलाइन खेळातल्या वस्त्यांवर. त्या खेळात कुणीही यावं, जमीन घ्यावी, घर बांधावं. आपल्या माणसांनी तिथे इझवोर नावाचं गाव वसवलं होतं. विहीर, चर्च, फाटकाबाहेर बसायला बाक, सगळं कसं ओळखीचं. बांधणारे मात्र कुणी इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करणारे, कुणी स्पेनच्या शेतांवर टोमॅटो तोडणारे, कुणी जर्मनीत ट्रक हाकणारे. गावाकडे घर आहे पण जाता येत नाही, म्हणून संध्याकाळी ह्या गावात जमायचे आणि एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. इलिंकाला ही माणसं मनापासून आवडायची. कधी कधी वाटायचं, दिवसभरात धड बोलणं होतं ते इथेच.

कारण घरात बोलायला होता बाप, आणि बापाकडे शब्द एकच उरला होता.

पंदेलेने जन्म डॅन्यूबवर टगबोटी चालवण्यात घालवला. आवाज असा की ह्या काठावरून ओरडला तर त्या काठावरचा मासे पकडणारा दचकायचा. हिवाळ्यात झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला तो फक्त पोराच्या नावाचा शब्द. तहान लागली, "दोरू." दुखलं, "दोरू." खिडकी उघड, "दोरू." इलिंका समोर वाटी घेऊन बसलेली असायची, तिच्या डोळ्यांत बघून म्हातारा म्हणायचा, "दोरू."

आणि दोरू कुठे होता? आई गेली तेव्हा स्पेनहून निघालेला दोरू माती टाकून झाल्यावर पोचला. बापाने त्याला दारातच अडवलं आणि म्हणाला, "आता कशाला आलास? चालता हो, पुन्हा पाऊल ठेवू नकोस." तो जिन्यावरूनच परत गेला. त्याला चारेक वर्षं झाली. ना फोन, ना ख्यालीखुशाली. तेव्हापासून ह्या घराचं सगळं इलिंकाच्या अंगावर पडलं, आणि नाव मात्र रात्रंदिवस त्याचं.

२

"तुमचं तिसरं प्रकरण अगदी कोरडं झालंय," तिचे मार्गदर्शक मुंतियानू सर म्हणाले. "ही माणसं खेळात पोमाना करतात असं लिहिलंत. पण तुम्ही पाहिली आहे का एकतरी?"

नव्हती पाहिली. दोनदा झाली होती. एकदा ती दुकानात होती, एकदा बापाला घेऊन दवाखान्यात.

"ऐकीव माहितीवर प्रकरण उभं राहत नाही. बघा आणि लिहा. मुदत तुम्हाला ठाऊकच आहे."

पोमाना म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मेलेल्याच्या नावाने कोट द्यायचा, वाटी-चमचा द्यायचा, पाणी, दिवा, जमलं तर खाटसुद्धा. घेणाऱ्याने "बोगदाप्रोस्ते", देव क्षमा करो, एवढंच म्हणायचं. त्याच्या तोंडून तो शब्द निघाला की वस्तू राहते त्याच्याकडेच, पण पोचते तिकडे, ज्याच्या नावाने दिली त्याला. परदेशातल्या पोरांना आईबापाच्या मातीलाही जाता येत नाही, म्हणून त्यांनी हे खेळात सुरू केलं होतं. अग्लाया मावशी सगळं बघायची. ती तुरीनमध्ये एका आंधळ्या म्हातारीकडे कामाला होती आणि इझवोरमध्ये सरपंच, भटजी, न्यायाधीश सगळं काही तीच.

"मावशी, एकदा माझ्यासाठी करून दाखव ना," इलिंकाने गळ घातली. "नमुना म्हणून. मला लिहायचंय."

"नमुन्याची पोमाना नसते गं बाई! जत्रा आहे का ती? नाव लागतं."

आईचं नाव देता आलं असतं. पण आईला प्रबंधात ओढायचं इलिंकाच्या जिवावर आलं. त्याच दुपारी बापाने सूपची वाटी लाथाडली होती. गरम सूप तिच्या पायावर सांडलं, आणि ती खाली बसून फरशी पुसत असताना वरून तेच, "दोरू. दोरू." तिचा संताप अजून निवला नव्हता.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "दोरू."



"अगं लेकरा," अग्लाया मावशीचा आवाज एकदम मऊ झाला. "इतके महिने बसतेस आमच्यात, एका शब्दाने बोलली नाहीस."

आत्ता खरं सांगावं, असं इलिंकाला वाटलं. पण मुदत जवळ आली होती, आणि मावशीच्या त्या मऊ आवाजाने, लाज वाटते सांगायला, तिला जरा बरंही वाटलं होतं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्यासाठी हळहळलं होतं.

शनिवार मेलेल्यांचा वार. त्या शनिवारी इझवोरचं फाटक लावून घेतलं आणि सगळे चर्चसमोर जमले. मावशीने मेंढीच्या कातड्याचा कोट दिला, लोकर आतल्या बाजूला असलेला. एकाने निळ्या काचेचा दिवा, एकाने बूट, एकीने वाटी-चमचा आणि पाण्याची बादली. ट्रकवाला साबिन खेळातला खट्याळ माणूस, त्याने काळी कोंबडी आणली होती आणि ती त्याच्या हातून सटकून चर्चच्या अंगणभर पळाली तेव्हा सगळे रडता रडता हसले. प्रत्येक वस्तूला मावशी म्हणायची, "दोरूच्या नावाने," आणि घेणारा म्हणायचा, "बोगदाप्रोस्ते." इलिंका भराभर लिहून घेत होती. शेजारच्या खोलीत बाप नेहमीसारखा हाका मारत होता, पण शेवटची वस्तू दिली गेली तसा तो गप्प झाला. झोप लागली असेल, असं तिला वाटलं.

३

रविवारी दुपारी फोन वाजला. दारामागच्या फळीवरचा जुना घरचा फोन; त्यावर एरवी फक्त पडदे आणि गाद्या विकणारे यायचे. इलिंकाचे हात पिठाचे होते. तिने कोपराने रिसीव्हर उचलून मानेत धरला.

"चिमणे?"

तिला चिमणी म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"दोरू? कुठे आहेस तू? मेल्या, चार वर्षं..." आणि 'मेल्या' हा शब्द तोंडातून गेल्यावर तिला घामच फुटला.

"कोट तू पाठवलास ना? मला वाटलंच. बटणं नाहीत, दोरीने बांधतो. पण काय ऊब आहे गं! आणि बूट तर मापाचे निघाले."

हां. कळलं. हा पण खेळतो तर. कुणाकडून तरी ऐकलं असणार, स्वतःचीच पोमाना झाली म्हणून, आणि आता टिंगल करतोय. करणारच. तिचा चेहरा शरमेने तापला.

"दोरू, ऐक. ते मी रागात... तू कधीपासून खेळतोस?"

"काय खेळतो?"

"इझवोर."

"हे कुठलं गाव? नाही गं, इथे खेळायला कोण आहे. खोली साधीच आहे. आधी काहीच नव्हतं, नुसत्या भिंती. आता दिवा आहे, निळा. पाणी आहे. झोपतो जमिनीवरच, पण कोट पांघरला की चालतं." तो खूश होता. लहानपणी नवी सायकल मिळाल्यावर बोलायचा तसा भरभरून बोलत होता. फक्त मध्ये कुठे श्वास घेत नव्हता. लाइन खराब असेल, इलिंका स्वतःला म्हणाली. स्पेनहून येतोय फोन, कापला जात असेल आवाज.

"आणि ही कोंबडी कुणाच्या डोक्यातून निघाली? दिवसभर पायात पायात करते."

त्याच्यामागे खरंच कोंबडी कॉक कॉक करत होती.

"बाबा कसे आहेत?" त्याने विचारलं. "अजून रागावलेत?"

आतून हाक आली, "दोरू!" इलिंकाने रिसीव्हरवर हात दाबला. पीठ त्याच्या भोकांत गेलं.

४

तिने डोकं शांत ठेवलं. शिकलेली मुलगी होती, डोक्याला भीती शिवू द्यायची नाही असं तिने ठरवलं. दोरू खेळतो आणि कबूल करत नाही, एवढंच. कोंबडीचा आवाज काय, कुठेही मिळतो. तिने इझवोरमध्ये चौकशी केली. त्या संध्याकाळी फाटक बंद होतं, बाहेरचा कुणी नव्हता. मग आतल्याच कुणीतरी सांगितलं असेल. स्पेनमध्ये दोरू राहायचा त्या शेतावरच्या जुन्या नंबरावर तिने फोन लावला. तिथला एक मोल्दोवाचा पोरगा म्हणाला, तो थंडीतच गेला इथून, कुठे ते ठाऊक नाही, सामान इथेच आहे त्याचं. सामान टाकून जातात लोक. दोरू तर पहिल्यापासून वेंधळा.

पण मन काही ऐकेना. रोज ट्रामच्या खिडकीशी बसून ती तेच तेच घोळवायची. शेवटी तिने असं काहीतरी करायचं ठरवलं, जे खेळातल्या एकाही माणसाला कळणार नाही. भाजलेल्या वांग्यांच्या चटणीची, ताज्या झाकुस्काची एक बरणी घेतली आणि जिन्यात वेताबाईंना गाठलं.

"वेताबाई, घ्या. दोरूच्या नावाने."

"बोगदाप्रोस्ते," वेताबाई म्हणाल्या. हातात वस्तू पडली की आपल्या बायकांच्या तोंडून तो शब्द आपोआप निघतो. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "म्हणजे? दोरू गेला? अगं बाई, कधी?"

"नाही हो. चुकून आलं तोंडात."

"असं चुकून येतं होय? वेड लागलंय का तुला?" त्यांनी बरणी परत पुढे केली, पण इलिंका तोवर दारात शिरली होती.

५

पुढच्या रविवारी ती फोनजवळच बसून होती. वाजला तसा उचलला.

"झाकुस्का मिळाली," दोरू म्हणाला. "पण चिमणे, वांगी जरा कमी भाजलीस. आई साल काळं होईपर्यंत भाजायची."

बुटांच्या फळीला टेकून इलिंका फरशीवर बसली. तो बिचारा आपला वांग्यांबद्दल बोलत होता.

"दोरू," ती शेवटी म्हणाली, "तू त्या खोलीत कधी गेलास?"

"आठवत नाही गं. आधी नुसती थंडी होती. खूप दिवस. कुणी काही पाठवत नव्हतं ना." त्याने तक्रार केली नव्हती, सहज सांगितलं होतं. "बरं झालं तुला आठवण झाली. बाबांना दे ना जरा."

"झोपलेत."

"दोरू! दोरू!" आतून बाप ओरडला, पूर्वीच्या त्या नदीवरच्या आवाजात.

"जागे आहेत की. मला हाक मारतायत."

"झोपेत बडबडतात रे. सूप उतू चाललंय माझं, ठेवते." आणि तिने ठेवला. मग तिथेच बसून ढसाढसा रडली. थंडीत गेला होता तो. ती इथे चडफडत होती, मजेत असेल तिकडे, आपल्याला राबायला ठेवून, आणि तो उघड्यावर कुडकुडत बसला होता, कारण तो गेला हे कुणाला माहीतच नव्हतं. की पोमाना होईपर्यंत तो धडधाकट होता, आणि तिने नाव घेतलं म्हणून...?

त्या संध्याकाळी तिने अग्लाया मावशीला सगळं सांगितलं. मावशीची म्हातारी शेजारी खोकत होती.

"जिवंत माणसाची पोमाना केलीस? माझ्या हातून?" मावशी कडाडली. "स्वतःची जिवंतपणी करतात, मी नाही म्हणत नाही. पण दुसऱ्याची?"

"मावशी, पण ते पोचलं. सगळं पोचलं त्याला."

खोकला थांबला. मग मावशी हळूच म्हणाली, "पोचलं ना? मग, लेकरा, तू खोटं बोललीच नव्हतीस. खोटं असतं तर वाटेतच राहिलं असतं."

"तुला नक्की माहीत आहे?"

"नक्की कुणाला काय माहीत असतं? पण तू तेच धरून चाल. दुसरं धरलंस तर जगायची नाहीस." मावशीने नाक शिंकरलं. "त्याला सांगू नकोस हं. कळत नाही त्यांना लगेच. कसा आहे तो?"

"खूश आहे. जमिनीवर झोपतो."

"जमिनीवर? अरेरे."

"आणि बाबांना बोलवतो फोनवर. मावशी, मी नाही देणार. माझं दुसरं कोण आहे? बाबा मला ओळखतात की नाही तेही मला ठाऊक नाही, पण आहेत ना. घरी आले की कुणीतरी असतं."

"नको देऊस," मावशी म्हणाली. "पोरी, मुळीच नको देऊस."

६

"तिसरं प्रकरण वाचलं," मुंतियानू सरांनी कळवलं. "उत्तम. विशेषतः त्या भाऊ गमावलेल्या बाईचा भाग. अगदी आतून लिहिलाय."

इलिंकाने ते दुकानात, गिऱ्हाइकांच्या मध्ये वाचलं. समोरची बाई सर्दीचं औषध मागत होती. तिने तिला दोनदा चुकीची बाटली काढून दिली.

७

रविवारी तिने फोनची तार भिंतीतून उपसून ठेवली. सूप केलं, बापाला भरवलं. आज तो शहाण्यासारखा जेवला, वाटी पुसून दिली. तोंड पुसताना त्याने तिचा हात डाव्या हाताने धरून ठेवला. बाहेर ऊन होतं, खालच्या अंगणात कुणीतरी गालिचा झटकत होतं.

फोन वाजला.

तार तिच्यासमोर जमिनीवर पडली होती. फोन वाजतच राहिला. आत बापाची खाट करकरली, हिवाळ्यापासून पहिल्यांदा तो आपला आपण उठून बसला होता.

तिने उचलला, कारण न उचलता ते थांबलं नसतं.

"खाट आली, चिमणे!" दोरू म्हणाला. "कुणी पाठवली गं? अग्लाया म्हणून कुणी आहे का? काय रुंद आहे! दोघं आरामात मावतील."

मावशी. जीव तुटला असणार तिचा, जमिनीवर झोपतो ऐकून. इलिंका दुकानात असताना तिने गाव जमवलं असेल, चांगल्या मनाने, डोळे पुसत पुसत.

"दोरू, राजा, तू एकटाच झोप त्यावर. ऐकशील ना माझं?"

"एवढी मोठी कशाला मग? बाबांना दे."

"नाही."

"चिमणे, मी त्यांच्यावर रागावलो नाहीये. एवढंच सांगायचंय. दे ना."

बाप दाराकडे बघत होता. ओरडत नव्हता. चांगला हात पुढे करून नुसता वाट बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. चार वर्षं ह्या एका वाक्यासाठी तो झुरला होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ठेवून द्यावा फोन. फेकून द्यावा खिडकीतून. तिचा हात खरंच तसा उठला. आणि मग ती अख्खा फोन घेऊन पलंगाजवळ गेली, मागे ती सुटी तार फरफटत, आणि रिसीव्हर तिने बापाच्या कानाला लावला.

पंदेले ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्याची मेलेली बाजूसुद्धा हलली. तो हसला.

"हो रे," तो म्हणाला. स्पष्ट, जराही न अडखळता. "माझंच चुकलं. नाही, नाही, पाय आता ठीक आहे. रुंद आहे म्हणतोस? मग काय पाहिजे! येतो."

त्याने रिसीव्हर उशीवर ठेवला आणि तिच्याकडे वळला. ओळख पटलेल्या नजरेने, नीट, पूर्वीसारखं तिच्याकडे बघितलं.

"इलिंका," तो म्हणाला. "बूट दे बाळ माझे."

कितीतरी महिने त्या तोंडून आपलं नाव ऐकायला ती आसुसली होती. तिने कपाटाखालून त्याचे नदीवरचे बूट काढले, धूळ पुसली आणि गुडघ्यांवर बसली. उजवा पाय आपणहून बुटात गेला. बाप तिच्या केसांवरून हात फिरवत होता. तिने नाडी बांधली, सोडली, पुन्हा पहिल्या भोकापासून ओवायला घेतली. डोळ्यांतल्या पाण्याने भोकं दिसत नव्हती, तरी तिला ते बरंच वाटलं, तेवढाच वेळ जात होता.

"घाई नाही, चिमणे," उशीवरून दोरू म्हणाला. "नीट बांध. मी आहे इथेच."